दत्तूची थंड गाडी

ही २०२३ सालच्या जानेवारीतली, संक्रांत होऊन गेल्यावरच्या आठवड्यातली गोष्ट. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या महिन्यात मला चौऱ्याहत्तरावं लागलं आणि त्याच महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रकच्या केबिनमध्ये बसले. माझ्या भावाचा, अशोकचा, ट्रकचा धंदा बत्तीस वर्षं चालला. भोपाळमधल्या करोंदच्या मंडीतून गहू, चणा भरायचा आणि नागपूरला उतरवायचा. पण बहिणीला केबिनमध्ये बसवावं, असं त्याच्या कधी मनात आलं नाही, आणि मलाही त्याला सांगावंसं वाटलं नाही.

मी स्वतः पिपलानीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. १९७१ साली मापनकक्षात लागले तेव्हा त्या खोलीत मी एकटीच बाई होते. कारखान्यातले सगळे तापमापक, दाबाचे काटे आमच्याकडे यायचे आणि ते खरं बोलतात की खोटं, ते आम्ही सांगायचं. एवढंच काम. लोकांना ते कंटाळवाणं वाटे. मला कधीच वाटलं नाही. सगळेजण यंत्रावर विश्वास ठेवून बसलेले असताना आपण एकट्यानेच शंका काढायची, याच्यात एक वेगळी मजा असते.

त्या गुरुवारी दुपारी दत्तू माझ्या दारात आला. दत्तू मूळचा मुलताईचा. अशोककडे तो १९९२ साली ड्रायव्हर म्हणून लागला आणि २०२०च्या नोव्हेंबरात अशोक गेला तरी त्याच्याच मुलाकडे, निनादकडे, राहिला. एकतीस वर्षांत त्याने माझ्या घरी रिकाम्या हाताने पाऊल टाकलं नव्हतं. कधी संत्री, कधी पांढुर्ण्याकडचं तिखट. त्या दिवशी हात रिकामे होते.

"आत ये ना."

"नाही आत्याबाई, इथंच बरंय. ऊन आहे."

ऊन नव्हतं. त्या आठवड्यात भोपाळला सकाळी आठपर्यंत समोरचं घर दिसत नसे आणि दुपारी सूर्य असून नसल्यासारखा असे. मी चहा घेऊन बाहेरच पायरीवर बसले.

"सोमवारी चावी दे म्हणाले निनादभैया," तो कपाकडे बघत म्हणाला.

"कसली चावी?"

"गाडीची."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी पूर्वी लिटरला चार किलोमीटर चालायची. दिवाळीनंतर ती साडेतीनवर आली. निनादने मोबाइलवर सगळा हिशेब दिसेल अशी सोय करून घेतली होती, त्यात ते लाल रंगात दिसायचं. दोन महिने तो गप्प राहिला. आणि बुधवारी मंडीच्या फाटकाशी, चार ड्रायव्हर आणि दोन आडत्यांसमोर त्याने विचारलं, "दत्तू, डिझेल कुठे विकतोस ते तरी सांग."

निनाद अडीच वर्षांचा असल्यापासून दत्तूला 'दत्तूकाका' म्हणत आला होता. दत्तूला डिझेलचं जितकं लागलं असेल, त्याहून ते गळलेलं 'काका' जास्त लागलं असावं, असं मला वाटलं. तो तसं बोलला नाही.

"एकदा डिझेलचोर नाव पडलं ना आत्याबाई, तर करोंदपासून नागपूरपर्यंत कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. माणूस मरतो, नाव मरत नाही. माझ्या पोराला सुद्धा विचारतील, तू त्या दत्तूचाच ना?"

मी सरळ विचारलं, "विकलंस का?"

त्याला राग आला नाही. "चूळ भरायला सुद्धा नाही. टाकीला कुलूप लावलं. ढाब्यावर टाकीला लागून खाट ओढतो आणि झोपतो. तरी कमी होतंय. आता मला माझाच संशय यायला लागलाय."

"गाडीत काही बिघाड?"

"छे! गाडी तर हिरा आहे." इथे त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "इतकी थंड गाडी मी जन्मात चालवली नाही. बरेठ्याचा घाट चढा, लोड भरून चढा, काटा आपला तळाला बसलेला. गरम होण्याचं नावच नाही."

मी कप खाली ठेवला.

"आधी कुठे असायचा काटा?"

"अशोकसाहेब होते तेव्हा? बरोबर मध्ये."

"खाली कधीपासून आला?"

तो आठवायला लागला. "उन्हाळ्यात मी गावी होतो दहा दिवस. पुतण्याचं लग्न होतं. आलो तेव्हापासून जरासा खाली. मग दिवाळीनंतर पार तळाला. मला वाटलं, गॅरेजवाल्या शफीकभाईंनी काहीतरी फस्टक्लास काम केलं."

"आणखी काय वेगळं दिसतं?"

"सकाळी पांढरा धूर, तासभर जात नाही. आणि तेल घालायच्या झाकणाला आतून मलई धरते. मी पुसून टाकतो."

"रेडिएटरचं पाणी कमी होतं?"

"दिवाळीपासून एक लोटा घातलं नाही."

मलई म्हटलं की मिस्त्री आधी म्हणतो, पाणी तेलात शिरलं, इंजिन खोला. पण पाणी कमी होत नव्हतं, म्हणजे ते रेडिएटरमधून आलेलं नव्हतं. थंडीत गरम भाताच्या डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसं ते होतं. इंजिन पुरेसं तापलं तर ती वाफ निघून जाते. हे इंजिन तापतच नसावं. दत्तू ज्याचं कौतुक करत होता, तेच गाडीचं दुखणं असावं असं मला वाटायला लागलं. पण वाटणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं.

संध्याकाळी मी निनादला फोन लावला.

"आत्या, प्लीज, तू यात पडू नको. तो तुझ्याकडे येऊन रडला असेल."

"रडला नाही. गाडी तपासलीस का?"

"शफीकमियाँनी पाहिली. इंजिन एकदम थंड चालतंय. खराबी असती तर गरम झालं असतं ना? मग डिझेल जातं कुठे?"

"उद्या गाडी रात्रभर शफीकच्या गॅरेजपुढे उभी राहू दे. सकाळी कोणी चालू करायची नाही. मी सात वाजता येते."

"तू?"

"मीच. आणि मला न्यायला तू ये. स्कूटर मी आता चालवत नाही."

तो हसला. "आत्या, ट्रक आहे तो. तुझ्या कारखान्यातला थर्मामीटर नाही."

"मग तर सोपंच आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र जरा धास्ती वाटली. मी ट्रकचं इंजिन चित्रातच जास्त पाहिलेलं होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही करोंदला पोहोचलो. बाडबिस्तरा म्हणून माझ्या पिशवीत एक काचेचा तापमापक, एक जुना पंचा आणि शेंगदाण्याची चिक्की होती. शफीकभाई शाल गुंडाळून शेकोटीशी बसले होते. साठीचे गृहस्थ, अशोकच्या वेळेपासूनचे.

"को खां, आज सूरज किधर से निकला? आपा खुद आई हैं!" खास भोपाळी लकबीत स्वागत करत त्यांनी स्टुलावर बारदान टाकलं. "बैठिए. गाड़ी ठंडी पड़ी है, किसी ने हाथ नहीं लगाया."

निनाद जाकिटाच्या खिशात हात घालून उभा होता. दत्तू पार मागे, ताडपत्रीचा दोर सोडायचा आणि पुन्हा बांधायचा, असं करत होता.

माझा पहिला संशय काट्यावर होता. छत्तीस वर्षांची सवय. यंत्रापेक्षा काटा खोटा निघालेला मी जास्त वेळा पाहिला होता. काटाच खोटं दाखवत असेल तर माझं सगळं म्हणणं तिथेच संपणार होतं. इंजिनमध्ये पाण्याची उष्णता मोजणारा बोटाएवढा पितळी तुकडा असतो. शफीकभाईंनी तो वायरसकट बाहेर काढला, एक तार लावून गाडीच्या अंगाला जोडला. समोरच्या चहावाल्याकडून मी उकळतं पाणी मागितलं.

"चाय का पानी है अम्मां, इसमें लोहा डालोगी?" तो म्हणाला.

"आज की पहली चाय मैं पिऊँगी, बस?"

निनादला केबिनमध्ये बसवलं. मी तो तुकडा पाण्यात बुडवला, बाजूला माझा तापमापक धरला.

"काटा?"

"चढतोय… मध्ये आला… अजून वर… लालला लागला!"

तापमापक पंच्याण्णव दाखवत होता. काटा अगदी खरा होता.

निनाद खाली उतरला. "झालं समाधान?"

"झालं. म्हणजे गाडी खरोखरच थंड चालते."

"तेच मी चार दिवस सांगतोय, आत्या! गाडी थंड आहे, म्हणजे गाडी चांगली आहे. म्हणजे मग डिझेल…" त्याने मागे दत्तूकडे बघितलं.

दत्तूने ते ऐकलं होतं. दोरावरचे त्याचे हात थांबले. मी गाडी तपासायला आले होते आणि तासाभरात गाडीला निर्दोष ठरवून त्या माणसाला जास्तच अडकवून बसले होते.

"तुझी आई थालीपीठ लावते ना?" मी निनादला विचारलं.

"आत्या, आता थालीपीठ?"

"तवा थंड असताना लावलं तर काय होतं?"

"चिकटतं. तेल पितं."

"किती पितं?"

"खूप. आणि होत पण नाही नीट."

"इंजिनही तवाच आहे. जितकं थंड तितकं चांगलं नव्हे. जितकं हवं तितकं गरम, ते चांगलं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. निम्मंशिम्मं जळतं आणि पांढरा धूर होऊन निघून जातं. चोर टाकीपाशी नाही, धुराड्यातून रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातोय. आता तो आत शिरला कसा, ते बघू."

तुकडा परत जागेवर बसवून, सांडलेलं पाणी भरून देताना शफीकभाई दाढी खाजवत होते.

इंजिनातून रेडिएटरला जाणारी एक मनगटाएवढी जाड रबरी नळी असते. निनादचा हात मी त्या नळीवर ठेवला, पंख्यापासून लांब, आणि त्याला समजावलं. इंजिनच्या तोंडाशी, एका डबीत, एक छोटं दार असतं. इंजिन थंड असतं तेव्हा ते दार बंद असतं, आतलं पाणी आतच फिरतं आणि लवकर तापतं. हवं तेवढं तापलं की दार आपोआप उघडतं आणि गरम पाणी एकदम या नळीत येतं. म्हणजे निरोगी गाडीत ही नळी बराच वेळ बर्फासारखी गार राहायला हवी आणि मग अचानक चटका बसायला हवा.

"दत्तू, चालू कर. आणि काटा बोलत राहा."

गाडी चालू झाली. पांढरा धूर शेकोटीवरून पलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेला. आम्ही थांबलो. तीन मिनिटं, पाच मिनिटं.

"काटा?"

"तळाला!" दत्तू वरून ओरडला.

"नळी?"

निनादने हात काढला, दुसरा ठेवला. "गार आहे… नाही, थांब. कोमट लागतेय."

"काटा?"

"हललाच नाही, आत्याबाई!"

"कोमटच आहे," निनाद म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच भांडण नव्हतं. "वाढतंय हळूहळू. पण काटा तर खाली आहे. मग पाणी इकडे आलंच कसं?"

"दार पहिल्यापासून उघडं आहे. इंजिन पाणी तापवतंय आणि रेडिएटर ते लगेच गार करतोय. दाराची कडी मोडली असेल. शफीकभाई, ये डिब्बा खोलेंगे?"

शफीकभाईंनी हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"खोलने की ज़रूरत नहीं है, आपा. उसमें कुछ है ही नहीं."

निनादने नळीवरचा हात काढला. इंजिन अजून चालू होतं.

"तरी खोला," मी म्हटलं. "ह्याला डोळ्यांनी बघू दे."

गाडी बंद केली. दोन बोल्ट सुटले, झाकण निघालं. आत गंजाची एक गोल रेघ होती आणि मध्ये भोक. दार नव्हतंच, चौकट तेवढी होती.

"मई में गाड़ी घाट पे गरम हुई थी," शफीकभाई सांगायला लागले; मी ज्याला दार म्हणत होते त्या वॉल्व्हला ते 'वाल' म्हणत. "दत्तू गाँव में था, दूसरा ड्राइवर लाया. मैंने रेडिएटर साफ किया और वाल निकाल दिया. भोपाल की गरमी में सब निकलवाते हैं. मैंने अपने मन से नहीं निकाला." आणि ते झाकणातला गंज नखाने खरवडायला लागले.

निनादचे कान लाल झाले. "मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी इथेच उभा होतो. पप्पा काढायचे ना, आत्या! मी लहानपणापासून बघितलंय. जुन्या गाड्यांमधून दर मे महिन्यात शफीकमियाँ ते काढून पप्पांच्या हातात द्यायचे. मला वाटलं, असंच करतात."

त्याचं खोटं नव्हतं. अशोक काढायचाच. त्याच्या घरी बिस्किटांच्या एका डब्यात ते पितळेचे वॉल्व्ह चिंधीत बांधून ठेवलेले असत, प्रत्येकावर गाडीचा नंबर.

"और दशहरे पे?" शफीकभाईंनी मान वर केली. "दशहरे पे अशोक बाबू सुबह-सुबह आते थे डब्बा लेके. पहले वाल वापस लगता, फिर गाड़ी की पूजा होती. एक साल नहीं छूटा. मैंने सोचा, भैया भी आएँगे. भैया आए नहीं. फिर मैं भी भूल गया, खां. झूठ क्यों बोलूँ."

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. निनाद सातवीपासून इंदूरच्या शाळेत होता, मग पुण्याला. घरी यायचा तो उन्हाळ्याच्या सुटीत. बापाची रीत त्याने वर्षानुवर्षं पाहिली, मन लावून पाहिली, पण निम्मीच पाहिली. काढताना तो होता. लावताना तो कधीच नव्हता. आणि दसऱ्याला त्याने झेंडूचे हार घालून गाडीचा फोटो आम्हा सगळ्यांना पाठवला होता. सुंदर फोटो होता. मीच त्याला लिहिलं होतं, 'अगदी अशोकसारखं केलंस.'

दत्तू केबिनमधून उतरून कधीचा मागे उभा होता. "साहेब या गाडीतून काढायचे नाहीत," तो हळूच म्हणाला. "ही नवी आहे म्हणायचे. म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. नाहीतर मी बोललो असतो ना."

"दत्तूकाका," निनाद म्हणाला, "मी… सॉरी."

दत्तूने हात जोडले नाहीत, हसलाही नाही. "आता नाही, भैया. आधी गाडी चालवून बघा. नाहीतर लोक म्हणतील, आत्याबाई मध्ये पडल्या म्हणून दत्तू वाचला."

मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी चिक्की काढून सगळ्यांना वाटली.

नवा वॉल्व्ह पलीकडच्याच स्पेअरच्या दुकानात मिळाला. मुठीत मावेल एवढा, कडेला ब्याऐंशी आकडा कोरलेला. शफीकभाई तो बसवायला निघाले, तर मी म्हटलं, "आधी इकडे द्या." न तपासता काही बसवू देणं माझ्या हाडात नाही. चहावाल्याने या वेळी स्वतःहून पातेलं पुढे केलं. वॉल्व्ह दोऱ्याने बांधून पाण्यात सोडला, शेजारी तापमापक. चौघेजण आणि दोन गिऱ्हाइकं पातेल्यावर वाकली.

साठ. सत्तर. पंच्याहत्तर. काही नाही. ऐंशीला निनादने श्वास रोखला. एक्क्याऐंशी. आणि मग, आकडा बघत असतानाच, त्या पितळी तुकड्याने तोंड उघडलं. पिल्लू चोच उघडतं तसं, हळूच, आणि मग चांगलं रुंद.

"या अल्लाह!" शफीकभाई म्हणाले. "पैंतीस साल से निकाल-लगा रहा हूँ, खुलते हुए आज देखा."

"और मेरी चाय?" चहावाला म्हणाला. सगळे हसले. दत्तूसुद्धा.

रविवारी गाडी गव्हाने भरली. करोंदबाहेरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली आणि नागपूरसाठी निघालो. बैतूलपर्यंत मी आणि निनाद बरोबर जाणार, तिथे पुन्हा टाकी काठोकाठ भरणार. जेवढं डिझेल मावेल तेवढंच खर्च झालं, यात मोबाइलचं काम नाही आणि कोणाच्या शब्दाचंही नाही. करोंद ते बैतूल एकशे नव्वद किलोमीटर. साडेतीनच्या हिशेबाने चोपन्न लिटर लागायला हवं होतं. मंडीच्या फाटकातली तीच मंडळी उभी होती; कोणीतरी म्हणालं, "बुआजी पहरे पे बैठी हैं!" मी हात हलवला.

केबिनमध्ये चढायला मला दोघांनी वर ओढलं. पण एकदा बसल्यावर काय ते राज्य! सगळं जग खाली. मोटारींची टपं दिसतात, शेतातले हरभऱ्याचे चौकोन दिसतात, माणसं मान वर करून बघतात. अशोकने हे मला कधी का दाखवलं नाही, याचा मला त्या दिवशी रागही आला आणि त्याची आठवणही आली.

मंडीदीपच्या आधीच काटा हलला. मिसरोदला तो पाव चढला. मंडीदीपला मध्याशी आला, किंचित वर गेला, आणि पुन्हा मध्यावर येऊन बसला.

"दार उघडलं," निनाद म्हणाला. क्रिकेटचा सामना बघावा तसा तो काट्याकडे बघत होता. आरशात धूर नव्हता. दत्तू म्हणाला, "आवाज ऐका, आत्याबाई. मोकळा झाला." मला फरक कळला नाही, पण मी हो म्हटलं.

"काका, जरा हळू चालवली तर जास्त निघेल," निनाद म्हणाला.

"रोज चालवतो तशीच चालवणार," दत्तू म्हणाला. "नाहीतर कशाला आलो?"

बरेठ्याचा घाट तो रोजच्यासारखाच चढला. काटा मध्यावरून जरासा वर सरकला आणि उतारावर पुन्हा आपल्या जागी आला. तीन वाजता आम्ही बैतूलच्या पंपावर होतो.

पंपावरच्या मुलीने नळी लावली. आकडे पळायला लागले. तीस. पस्तीस. चाळीसला निनाद माझ्या दंडाला धरून उभा. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. खट्! नळी बंद पडली.

"चव्वेचाळीस पॉइंट दोन!" निनाद ओरडला. "आत्या, चव्वेचाळीस!"

"थांबा," दत्तू म्हणाला. "हवा असेल."

"अरे काका, भरली ना!"

"थांबा म्हटलं ना." त्याने बंपरवर पाय देऊन गाडी हलवली. मग केबिनमध्ये चढून पाच फूट पुढे घेतली, पाच फूट मागे आणली. उतरून टाकीवर थापा मारल्या. "बेटी, अब धीरे-धीरे डालो. ऊपर तक दिखना चाहिए."

ती घालत गेली. पंचेचाळीस. सेहेचाळीस. स्वतःच्या विरुद्ध एकेक थेंब तो माणूस टाकीत भरून घेत होता. डिझेल तोंडाशी येऊन चमकायला लागलं तेव्हाच त्याने हात वर केला.

सेहेचाळीस पूर्णांक आठ.

निनादला मोबाइल काढावा लागला. मी तोंडीच केलं. "चार. चारच्या थोडं वरच."

निनादने दत्तूला मिठी मारली. दत्तू आधी ताठ उभा राहिला, मग त्याचा हात वर आला आणि निनादच्या पाठीवर दोनदा थापटून गेला, टाकीवर थापटला होता तसाच. पंपावरची मुलगी म्हणाली, "क्या हुआ, लॉटरी लगी क्या?"

"उससे बड़ी," मी म्हटलं.

तिथून दत्तू गाडी घेऊन नागपूरकडे गेला आणि आम्ही दोघं रेल्वेने परत आलो. गाडीत मी निनादला एवढंच सांगितलं, "जिथे बोललास, तिथेच परत घे. घरात घेतलेलं चालायचं नाही."

बुधवारी सकाळी दत्तू रिकामी गाडी घेऊन मंडीच्या फाटकाशी आला. निनाद आधीच येऊन थांबला होता. मीही होते, मला कोणी बोलावलं नव्हतं. निनाद गाडीच्या पायरीवर चढला आणि आडत्यांना, ड्रायव्हरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "पिछले बुधवार मैंने यहाँ काका को चोर कहा था. डीज़ल काका ने नहीं, मैंने उड़ाया. वाल मैंने निकलवाया था, और वापस लगवाना मुझे पता ही नहीं था. गलती मेरी है. सब सुन लो."

मग एक म्हातारा सरदार ड्रायव्हर म्हणाला, "लो जी, मालिक ही चोर निकला!" आणि फाटक हसण्याने दणाणलं. दत्तू त्या हसण्यात उभा होता, मान वर करून. दोन आडत्यांपैकी जो त्या दिवशी सगळ्यात जोरात मान डोलावत होता, तोच चहा घेऊन त्याच्याकडे आला. दत्तूने चहा घेतला, पण त्याला आधी चांगलं अर्धं मिनिट उभं ठेवून.

आता या गोष्टीला दोनेक वर्षं होऊन गेली.

शफीकभाईंनी गॅरेज जावयाला दिलं आहे. पण रोज सकाळी येऊन बसतात आणि गाडी थंड चालते असं सांगणाऱ्याला आधी चहावाल्याच्या पातेल्याशी नेतात. चहावाल्याने एक पातेलं त्या कामालाच वेगळं ठेवलंय.

निनादकडे आता चार गाड्या आहेत. दसऱ्याच्या सुमाराला तो मोबाइल बंद करून दिवसभर गॅरेजात असतो, आणि सोबत आपल्या सहा वर्षांच्या मुलीला नेतो. मे महिन्यातही नेतो.

ती गाडी विदिशाच्या एका माणसाने विकत घेतली. अजून चालते, असं ऐकलंय.

दत्तूने २०२४ची दिवाळी होईपर्यंत गाडी चालवली. मग मोतीबिंदू झाला, तेव्हा स्वतःच म्हणाला, आता पुरे. मुलताईला त्याने संत्र्यांची दोनशे झाडं लावली आहेत. त्याचा मुलगा निनादची नवी गाडी चालवतो. मंडीत त्याला कोणी विचारलं, तू दत्तूचा ना, तर तो जोरात हो म्हणतो.

मी गेल्या वर्षी गुडघा बदलून घेतला. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा, रिक्षात जपून चढा. ट्रकबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही मुद्दाम विचारलं नाही.